संमतीच्या कागदातल्या दोन ओळी

वडिलांच्या ऑपरेशनचा संमतीचा कागद त्यांना मीच वाचून दाखवला. दोन ओळी सोडून. या गोष्टीला आता सात वर्षं झाली. लोक म्हणतात, वडील वाचले ना, मग झालं. पहिलं वर्षभर मीही तेच म्हणत होते.

आमचे अप्पय्या, परमेश्वर उराळ, कुंदापूरच्या आसपासच्या वीस-पंचवीस गावांत स्वयंपाकासाठी ओळखले जात. लग्नामुंजीचा स्वयंपाक करणारे पुष्कळ होते. पण देवळाचं मोठं कार्य असलं, पानं हजारांच्या वर जाणार असली, की देवळाचे विश्वस्त आधी आमच्या अंगणात येऊन बसत. पहाटे विहिरीवर डोक्यावरून पाणी घेऊन अप्पय्या ओल्या पंच्यानं चुलीपुढं उभे राहत, ते शेवटची पंगत उठेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घेत नसत. तेवढ्या वेळात त्यांना कुणी शिवायचं नाही. आई होती तेव्हा तीसुद्धा नाही. नैवेद्याचं अन्न चाखून बघता येत नाही, त्यामुळं हुळीला, म्हणजे आमच्याकडच्या आमटीला, मीठ कमी की जास्त हे ते वाफेच्या वासावरून सांगत. मला ते लहानपणी खोटं वाटायचं. एकदा मी मुद्दाम मूठभर मीठ जास्त टाकलं, तर ते अंगणातून ओरडले, "कुणी हात घातला गं त्यात?"

एकसष्टाव्या वर्षी त्यांना शौचाला रक्त पडायला लागलं. मूळव्याध असेल म्हणून त्यांनी सात-आठ महिने ताक आणि सुरण यांवर काढले, मला सांगितलं नाही. शेवटी सुब्राय मय्यांनी सांगितलं. मय्या म्हणजे तीस वर्षं त्यांच्या शेजारच्या चुलीवर उभा राहिलेला माणूस. एक दिवस ते शाळेच्या फाटकापाशी येऊन उभे राहिले, इकडेतिकडे बघत म्हणाले, "परमण्णाचा पंचा मी पाहिला, वारिजा. मंगळुरूला ने त्याला. मी सांगितलं असं सांगू नकोस."

मंगळुरूच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर रेगोंनी तपासलं. कॅन्सर होता, गुदद्वाराच्या अगदी तोंडाशी. आधी पाच आठवडे किरणांचे शेक द्यायचे ठरले. मी अप्पय्यांना 'गाठ आहे' एवढंच सांगितलं. तिसऱ्या दिवशी बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कॅन्सर आहे म्हण ना. एवढ्या लांब रोज मला काय ऊन खायला नेतेस?" मी तिकिटाची सुटी नाणी मोजत राहिले. तेव्हाच मला कळायला हवं होतं की या माणसाला सांगितलेलं झेपतं. पण मी ते तसं घेतलं नाही. मला वाटलं, आतून घाबरलेत आणि वरून चेष्टा करतायत.

डिसेंबरच्या शेवटी रेगोंनी मला आत बोलावलं. अप्पय्या बाहेर रक्ताच्या तपासणीच्या रांगेत होते. रेगो कागदावर चित्र काढत बोलत होते. गाठ लहान झाली होती, पण काढावीच लागणार होती. जागा अशी होती की गुदद्वार ठेवता येणार नव्हतं. तेवढा भाग काढून मागून शिवून टाकायचं, आणि आतड्याचं टोक पोटावर डाव्या बाजूला बाहेर आणायचं. त्यावर पिशवी. शौच त्या पिशवीत होणार. आयुष्यभर.

"माणूस सगळं करू शकतो," रेगो म्हणाले. "आंघोळ, प्रवास, काम. फक्त आधी मनाची तयारी हवी. वडिलांना मी सांगू की तुम्ही सांगता?"

"मी सांगते," मी म्हटलं.

"नक्की?"

"मी विज्ञानाची शिक्षिका आहे, डॉक्टर. आठवीला पचनसंस्था मीच शिकवते."

ते हसले. तारखेचं म्हणाले, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत कधीही चालेल, त्याच्या पुढं मात्र नको.

संध्याकाळी मी बंगळुरूला प्रसन्नला फोन केला. धाकटा भाऊ. सगळं ऐकून तो म्हणाला, "अक्का, सांगू नकोस."

"अरे, पोटावर पिशवी असणार आहे. ती काय दिसणार नाही?"

"दिसेल तेव्हा दिसेल. तोवर ऑपरेशन झालेलं असेल. आत्ता सांगितलंस तर ते नाही म्हणतील. तुला माहीत नाहीत का ते? सोवळ्यापायी मरतील. अंगावर असलं काही घेऊन चुलीपुढं जाण्यापेक्षा चितेवर जातील."

"मग डॉक्टरांना काय सांगायचं?"

"सांगितलंय म्हणून सांग. आणि बारा फेब्रुवारीच घे. त्या महिनाअखेरीला मला जर्मनीला जायचंय, त्याआधी मी चार दिवस येऊ शकतो."

सगळं प्रसन्नवर ढकलायचं नाही मला. त्यानं म्हणावं आणि मी ऐकावं असं आमच्यात कधी नव्हतं. खरं हे की मलाच सांगायचं नव्हतं. फळ्यावर लहान आतडं, मोठं आतडं काढून दाखवणं वेगळं. वडिलांसमोर बसून 'तुमची शी आता पोटातून येणार' असं म्हणायला माझी जीभ वळली नसती. भावानं नको म्हटलं, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं.

त्याच सुमारास आमच्या गावच्या दुर्गापरमेश्वरीचा ब्रह्मकलश होता. बारा वर्षांनी देवळाची पुन्हा प्रतिष्ठा, चार दिवस, मार्चच्या पहिल्या आठवड्यात. मुख्य स्वयंपाकी म्हणून अप्पय्यांचं नाव वर्षभर आधी ठरलं होतं. त्यांच्या खोलीतल्या दिनदर्शिकेवर त्या चार दिवसांभोवती त्यांनी हळदीनं चौकोन काढले होते.

मी बारा फेब्रुवारी सांगितली तेव्हा ते खोबरं किसत होते. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "ब्रह्मकलश झाल्यावर नाही चालणार?"

"डॉक्टर म्हणाले, उशीर नको."

"वीस दिवसांचाच प्रश्न आहे."

"नाही चालणार अप्पय्या."

"आणि परत उभा कधी राहीन?"

"दीड-दोन महिन्यांत."

 तिसऱ्या दिवशी त्यांनी मय्यांना बोलावून घेतलं. दोघं ओसरीवर बसले. अप्पय्या म्हणाले, "सुब्राया, यंदा तू कर."

"मी? दहा हजार पानं? परमण्णा, माझ्या हाताला ती सवय नाही."

"माझ्याबरोबर तीस वर्षं काय माश्या मारत होतास? बस. सांगतो ते ऐक." आणि तीन संध्याकाळी त्यांनी मय्यांना सगळं तोंडी सांगितलं. कोहळ्याच्या हलव्याला साखर कधी घालायची, पायसाचा नारळ कितव्या दुधाला थांबवायचा, कुठल्या आचाऱ्याला कुठल्या चुलीपासून लांब ठेवायचं. शेवटच्या संध्याकाळी मय्या रडवेले झाले, तर अप्पय्याच त्यांना म्हणाले, "रडतोस कशाला? चैत्रातल्या रथाचा स्वयंपाक माझाच आहे. आणि पुढचा ब्रह्मकलश बारा वर्षांनी. त्र्याहत्तराव्या वर्षी काय मला झारा उचलणार नाही?"

मी आत तांदूळ निवडत होते. सगळं ऐकत होते.

दहा तारखेला त्यांना इस्पितळात दाखल केलं. माझे वडील घाबरलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. उकळतं तेल पायावर सांडलं होतं तेव्हाही त्यांनी आधी आच कमी करायला सांगितली होती, मग पाय बघितला होता. पण इथं, खाटेवर, हिरवा सदरा घालून, ते उगाच चादरीची किनार बोटांनी दुमडत बसत. रक्तदाब एकदम चढला. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, मन शांत ठेवा, नाहीतर पुढं ढकलावं लागेल. ते गेल्यावर अप्पय्या एकेक प्रश्न काढायला लागले.

"भुलीत माणूस बडबडतो म्हणतात. खरं का?"

"नाही हो."

"मी काही भलतंसलतं बोललो तर तू तिथं नसशील."

"मी बाहेरच असेन."

"जानवं काढायला लावतात?"

"सिस्टरना विचारू."

"मधेच जाग आली तर?"

"येत नाही, अप्पय्या."

"नाही, पण आली तर? हात बांधलेले असतात का?"

प्रत्येक प्रश्नाला मी उत्तर देत होते. एकही उत्तर खोटं नव्हतं. जे विचारायला हवं होतं ते त्यांना ठाऊकच नव्हतं, त्यामुळं ते बाकीचं सगळं विचारत होते.

अकरा तारखेला दुपारी सिस्टर ग्लॅडिस आली. पन्नाशीची, जाडसर, मंगळुरूचीच. हातात खूण करायचं जांभळं पेन. "काय भट्रे, जेवण मिळालं नाही म्हणून रागावलात की काय? उठा, जरा उभे राहा."

अप्पय्या उभे राहिले. तिनं सदरा वर केला, पोट बघितलं. "पंचा कुठं बांधता? बेंबीच्या वर की खाली? बांधून दाखवा बघू." त्यांनी संकोचून दाखवलं. "आता बसा. आता वाका. चुलीपुढं वाकता तसे वाका." ते वाकले. तिनं डाव्या बाजूला, वळीच्या थोडं खाली बोट ठेवलं. "हे तुम्हाला नीट दिसतंय का? मान खाली घालून बघा."

"दिसतंय. का?"

"दिसायला नको? उद्यापासून तुम्हालाच—"

"नळी," मी मधेच म्हटलं. "अप्पय्या, तिथं नळी घालणार आहेत. थोडे दिवस."

ग्लॅडिसनं माझ्याकडं बघितलं. पेन तसंच हातात. मग खाली वाकून तिनं त्या जागेवर गोल काढला, वर पारदर्शक पट्टी लावली आणि म्हणाली, "पुसू नका, भट्रे."

"गोल तर लहान पोरीनं काढल्यासारखा काढलात," अप्पय्या हसून म्हणाले. तेवढा एक विनोद त्यांनी त्या दोन दिवसांत केला.

ग्लॅडिसनं मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. "त्यांना माहीत नाही?"

"सिस्टर, प्लीज."

"डॉक्टरांना तुम्ही काय सांगितलंय?"

"माहीत आहे म्हणून."

"अय्यो देवा. बाई, मी बसते त्यांच्याजवळ. पंधरा मिनिटं लागतील. पिशवी हातात देते, दाखवते. लोक रडतात, चिडतात, मग विचारतात ही धुवायची कशी. मी शेकड्यांनी बघितलेत."

"ते नाही म्हणतील. उठून घरी जातील."

"जाऊ देत की. त्यांचं पोट आहे."

"मरतील ते."

"हे तुम्हाला त्यांनी सांगितलंय?"

मी हात जोडले. खरंच जोडले.  आत कुणाची तरी घंटा वाजली. जाता जाता ती म्हणाली, "परवा ते विचारतील तेव्हा तुम्ही इथं असायचं. पळायचं नाही." तिनं रेगोंना का सांगितलं नाही, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. कदाचित वॉर्डात त्या दिवशी तीस खाटा होत्या आणि ती एकटी होती.

संध्याकाळी कागद आला. छापलेला मजकूर कानडीत, मधल्या रिकाम्या जागा हातानं इंग्रजीत भरलेल्या. प्रसन्न गाडीतून यायचा होता, अजून पोचला नव्हता. अप्पय्यांनी चष्मा लावला, थोडं वाचलं आणि कागद माझ्याकडं दिला. "हे इंग्रजीतलं काय आहे? नीट वाच. सगळं वाच. सही करायची म्हणजे कळायला नको?"

मी वाचलं. ऑपरेशनचं नाव होतं, ते मी 'गाठ काढणे' असं वाचलं. रक्त द्यावं लागू शकतं, हे वाचलं. क्वचित जिवाला धोका होऊ शकतो, हेही वाचलं. तिथं माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. मग दोन ओळी होत्या. रेगोंचं अक्षर सुवाच्य आहे. पहिल्या ओळीत गुदद्वार कायमचं काढणार असं होतं, दुसरीत पोटावर कायमची वाट करणार असं. माझी नजर तिथून खाली घसरली आणि मी वाचलं, "वरील सर्व माहिती मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आली आहे."

"झालं?"

"झालं."

त्यांनी सही केली. देवळाच्या वहीत करतात तशी, आधी श्री काढून. खाली साक्षीदार म्हणून माझी.

थोड्या वेळानं रेगो फेरीला आले. खाटेच्या कडेला बसले, हे त्यांचं चांगलं होतं. "काय उराळ, सगळं समजलं ना? काही विचारायचंय?"

"मुलगी सायन्सची टीचर आहे, डॉक्टर. तिनं सगळं सांगितलंय. एकच विचारतो. चैत्रातल्या रथाला मी उभा राहीन ना?"

"उभे? उभे काय, रथ ओढाल तुम्ही."

अप्पय्यांचा चेहरा जो उजळला, तो मी बघितला. मी तेव्हाही बोलू शकले असते. डॉक्टर तिथंच होते, रुग्ण तिथंच होता, कागद माझ्या मांडीवर होता.

सकाळी त्यांना न्यायला ढकलगाडी आली. जानवं काढावं लागलं नाही, ग्लॅडिसनं मनगटाला गुंडाळून वर चिकटपट्टी लावली. अप्पय्यांचे ओठ सुकले होते. लिफ्टच्या दारात त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, घाबरलेत. पण ते म्हणाले, "तुझाच हात गार पडलाय. काही खाल्लंस का? जा, आधी खा."

ऑपरेशन चांगलं झालं. पाच तास लागले. गाठ सगळी निघाली. प्रसन्ननं मला मिठी मारली आणि म्हणाला, "बघ अक्का, बरं झालं की नाही?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुरते शुद्धीवर आले. प्रसन्न खाली जेवायला गेला होता. तो बरोबर वेळेला जेवायला जातो. ग्लॅडिस पिशवी बघायला आली. पडदा ओढला, चादर खाली केली. अप्पय्यांनी मान उचलून बघितलं. पारदर्शक पिशवी, आत लाल मांसाचं तोंड, आणि थोडं पिवळट पाणी.

"ही नळी?" त्यांनी विचारलं.

ग्लॅडिस माझ्याकडं बघत राहिली. मी पळाले नाही, एवढंच.

"नळी नाही, अप्पय्या. आतडं आहे. शौच आता इथून होणार."

"किती दिवस?"

"कायम."

"आणि मागचं?"

"शिवून टाकलंय."

त्यांनी मान उशीवर टेकवली.  मग एकदम शांतपणे, हिशोब तपासल्यासारखं विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"डिसेंबरपासून."

"म्हणजे सुब्रायाला मी सगळं सांगत होतो तेव्हा माहीत होतं."

"हो."

"डॉक्टर उशीर नको म्हणाले होते, ते?"

इथं मी आणखी एकदा खोटं बोलले असते तर बरं झालं असतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. "मार्चच्या मध्यापर्यंत चाललं असतं," मी म्हटलं.

 ग्लॅडिस पिशवी न बदलता तशीच उभी होती.

"मी नाही म्हणालो नसतो गं," अप्पय्या म्हणाले. "मरायची हौस कुणाला असते? झालो असतो तयार. फक्त एकदा शेवटचं उभा राहून आलो असतो." आणि मग ग्लॅडिसकडं वळून, "सिस्टर, हे कसं धुवायचं ते मला शिकवा. हिला बाहेर जाऊ दे."

तो आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर मी पाय धरले असते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही घरी होतो. देऊळ घरापासून हाकेवर. चार दिवस ढोल, मंत्र, भोंग्यावरून पंगतीच्या सूचना. वारा फिरला की फोडणीचा वास थेट ओसरीवर. अप्पय्या खांबाला टेकून बसत आणि वास आला की डोळे मिटत. तिसऱ्या दिवशी मय्या भर कामातून धावत आले, अंगावर घाम, लांबच उभे राहिले. "परमण्णा, खुर्ची टाकतो बाहेर. नुसता बस. तू नुसता बघत बसलास तरी माझे हात नीट चालतील."

"माझं अंग आता सोवळ्यात बसत नाही, सुब्राया."

"कोण म्हणतं? देवळाच्या मुख्य पुजाऱ्यांना, तंत्रींना विचारलं मी. ते म्हणाले, बाहेर बसायला काही हरकत नाही."

"तंत्री म्हणाले असतील. मी म्हणत नाही."

मय्या गेल्यावर मी न राहवून बोलले. की यात अशुद्ध काही नाही, आपल्या सगळ्यांच्या पोटात तेच असतं, ग्लॅडिस सांगत होती की पिशवी लावून लोक शेतं कसतात, होड्या वल्हवतात. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "आठवीला शिकव ते."

चैत्रातल्या रथाला ते उभे राहिले. गर्दीच्या मागं, रस्त्याच्या कडेला, पांढरा सदरा घालून. रेगोंचा शब्द खरा ठरला. चुलीपुढं ते पुन्हा कधी गेले नाहीत. कुणीही त्यांना अडवलं नव्हतं, त्यांनी स्वतःच स्वतःला अडवलं, आणि ते बरोबर की चूक हा वाद घालण्याचा हक्क मी गमावून बसले होते. घरातसुद्धा त्यांनी झारा हातात घेतला नाही. मी करते ते जेवतात, मीठ कमी असलं तरी बोलत नाहीत.

ते माझ्याशी बोलत नाहीत असं नाही. चहा झाला का विचारतात, शाळेचं विचारतात. पण मी सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास राहिलेला नाही. मी म्हटलं, आज एकादशी आहे, की ते पंचांग काढतात. मी म्हटलं, बस साडेनवाची आहे, की रस्त्यावर जाऊन दुकानदाराला विचारतात. एकदा मी आतूनच म्हटलं, अप्पय्या, पाऊस आलाय, दोरीवरचे कपडे काढा. ते आधी अंगणात आले, तळहात पुढं धरला, थेंब पडल्यावर मग कपड्यांकडं वळले. मुद्दाम करत नाहीत. तेच मला जास्त लागतं.

प्रसन्नशी मात्र ते पूर्वीसारखेच बोलतात. फोनवर हसतात. मी एकदा चिडून म्हटलं, "सांगू नको म्हणणारा तो होता."

"असेल," ते म्हणाले. "पण मी वाचायला तुला सांगितलं होतं."

तपासण्या चांगल्या येत राहिल्या. पाच वर्षांनी रेगोंनी त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, आता कॅन्सर विसरा. परतीच्या वाटेवर मी बसमध्ये रडले. अप्पय्यांनी खिडकीकडची जागा मला दिली, आणि उडुपी येईपर्यंत ते समोर बघत बसले.

गेल्या वर्षी पिशवीच्या कडेला पोट फुगायला लागलं. आतडं बाजूनं बाहेर येत होतं, जाळी घालून शिवावं लागणार होतं. पुन्हा मंगळुरू. रेगोंचे केस पांढरे झाले होते. "या, वारिजा, बसा," ते मला म्हणाले.

अप्पय्या उभेच राहिले. "डॉक्टर, तिला बाहेर बसू दे. मला सांगा. कानडीत सांगा आणि चित्र काढून सांगा. मागच्या वेळी राहिलं."

रेगोंनी माझ्याकडं बघितलं. सहा वर्षांत त्यांना कधी ना कधी कळलंच असणार. त्यांची मान हळूच खाली गेली. मी उठून बाहेर आले. दाराला काच होती. रेगो कागदावर रेघा ओढत होते, अप्पय्या बोट ठेवून विचारत होते. मान हलवत होते, पुन्हा विचारत होते. एकदा तर दोघंही हसले. कशावर हसले कोण जाणे. पाऊण तास लागला. एवढंच लागलं असतं.

ते बाहेर आले तेव्हा चित्राचा कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात होता.

"काय म्हणाले?"

"सोमवारी दाखल व्हायचं."

"धोका वगैरे?"

"आहे तो सांगितलाय."

"मी शाळेत रजा टाकते."

"नको. सुब्राय येणार आहे. त्याच्याशी बोलणं झालंय माझं."

मी तरीही रजा टाकली. सोमवारी मय्या त्यांच्या खाटेजवळ बसले होते. सदुसष्टाव्या वर्षी अप्पय्यांचा रक्तदाब अगदी सरळ होता, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्यांचं कौतुक केलं. ढकलगाडी आली तेव्हा मी भिंतीशी सरकून वाट दिली. ते जाता जाता मय्यांना काहीतरी सांगत होते, बहुतेक पायसाबद्दल. मला त्यांनी बघितलं. मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी.